ठिगळ्या घरी नव्हता तेव्हा

फळीवरचं मोठं पातेलं काढायला गेल्या आणि बाईंच्या हातून सगळी चळतच निसटली. ताटं, झाकणं, किसणी, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला केकचा डबा, असं सगळं एकदम फरशीवर आदळलं. एक झाकण तर गरगरत दारापर्यंत गेलं आणि तिथे बराच वेळ थरथरून मग आडवं झालं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "काय हो, कोण पडलं?"

"कोणी नाही, भांडी!" बाई ओरडल्या. 

बाईंचे यजमान, मिस्त्री, त्यांच्याकडे पाठ करून टेबलाशी बसले होते. हात लांबवला तर लागतील इतक्या अंतरावर. ते पावाला लोणी लावत होते, आणि लावतच राहिले. अगदी कडेपर्यंत, कोपरे न सोडता, जसं ते कुठलंही काम करत तसं.

बाई पातेलं हातात धरून बघतच राहिल्या. मागे वळून तर बघा! पडले असते मी, डोकं फुटलं असतं माझं, तरी हा माणूस आधी लोणी संपवणार. इतकं दगड व्हावं माणसानं? राग मस्तकात गेला, पण त्या काही बोलल्या नाहीत. गेलं वर्षभर त्या नवऱ्याशी कामापलीकडे बोलतच नव्हत्या. आणि आज जे बोलायचं ठरवलं होतं, त्यासाठी राग नको, शांतपणा हवा होता.

आज त्या सांगणार होत्या की त्या हे घर सोडून मुलीकडे राहायला जाणार आहेत. चार दिवसांसाठी नाही, कायमच्या. बॅग भरून कपाटामागे ठेवलेली होती. मुलीनं तिकडची खोली रिकामी करून ठेवली होती. मिस्त्रींना यातलं काही माहीत नव्हतं. सांगायला रविवारची सकाळ बरी, असं बाईंनी ठरवलं होतं, कारण रविवारी दुकान बंद असे. शिवाय आज ठिगळ्याही घरी नव्हता. तो असता तर त्याच्याकडे बघून त्यांच्याच्याने काही बोलवलं नसतं.

ठिगळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. आता हा कोणत्या जातीचा, असं विचारणारे खूप भेटत, आणि मिस्त्री प्रत्येकाला वेगळं उत्तर देत. धड मेंढपाळी कुत्र्याचं, पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे आणून खाली लावल्यासारखे आखूड. एक कान उभा, एक पडलेला. शेपटी इतकी झुबकेदार की ती त्याच्याच मालकीची आहे यावर विश्वास बसू नये. एका शिंपीणबाईच्या दुकानामागे झालेलं पिल्लू, तिनं मशीन दुरुस्तीला पाठवताना सोबत पिशवीतून पाठवून दिलेलं. मशीन परत गेली, पिल्लू राहिलं. उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलेलं दिसतं म्हणून मिस्त्रींनी नाव ठेवलं ठिगळ्या.

मिस्त्री शिवणयंत्रं दुरुस्त करत. दुकान रस्त्याच्या बाजूला आणि घर त्याच्या मागे. दुकानाचं नाव होतं ते त्यांच्या कानांमुळे. मशीन न उघडता नुसता आवाज ऐकून सांगायचे, शटल घासतंय, की पट्टा सैल झालाय, की तेल सुकलंय. लांबून लोक यायचे. बाई शाळेच्या ग्रंथालयात. उभा जन्म हळू आवाजात बोलण्यात गेलेला. मुलगी लहानपणी म्हणायची, आई रागावली तर कळायला जवळ जावं लागतं.

तर या ठिगळ्यानं परवा मिस्त्रींच्या टेबलावरून पडलेली एक बॉबिन गिळली. दोरा गुंडाळलेली, अख्खी. पिल्लू असताना त्यानं पट्टे खाल्ले होते, मोजपट्टी खाल्ली होती, बाईंची एक चप्पल तर बंदासकट, पण ते सगळं निभावलं होतं. हा दोरा आतड्यात अडकला. डॉक्टरीणबाईंनी लगेच पोट उघडलं, बॉबिन काढली, टाके घातले आणि काही दिवस दवाखान्यातच राहू दे म्हणाल्या. तिथून परतल्यापासून मिस्त्रींचं कशात लक्ष नव्हतं. दुकानाचं दार उघडायचे, पुन्हा लावायचे. काल शेगडीवर दूध ठेवलं आणि समोरच उभे राहून खिडकीबाहेर बघत राहिले. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी पत्ता नाही. बाईंना ते बघून वाईट वाटलं नाही, उलट रागच आला. कुत्र्यासाठी एवढा जीव तुटतो, आणि माझ्यासाठी?

कारण बाई ती संध्याकाळ विसरल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी याच स्वयंपाकघरात, नळाखाली बशा विसळताना, भिंतीकडे तोंड करून त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं की छातीत गाठ लागतेय. तोंडावर सांगायचं धाडस झालं नव्हतं. म्हणून पाठ करून, पाणी चालू ठेवून, एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठ लागतेय. मला भीती वाटतेय. उद्या तपासायला बोलावलंय. तुम्ही याल ना बरोबर? मग नळ बंद केला आणि वाट बघितली. मागे खुर्ची सरकली. बाईंना वाटलं, आता खांद्यावर हात येईल. पण ऐकू आला तो कुत्र्याच्या पट्ट्याचा खळखळाट, मिस्त्रींचं "चल, चल लवकर" आणि मग दार लावल्याचा आवाज.

ते कुत्र्याला फिरवायला घेऊन गेले होते!

बाई एकट्याच तपासायला गेल्या. तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर एकट्याच बसल्या. गाठ साधी निघाली, हेही त्यांनी एकटीनेच ऐकलं आणि एकटीच रडून घरी आल्या. मिस्त्रींनी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती तिकडून किंचाळलीच. "बाबा असं कसं करू शकतात? मी विचारतेच त्यांना!" बाई म्हणाल्या, "शपथ आहे माझी, एक अक्षर विचारशील तर. ज्याला आपणहून वाटलं नाही, त्याच्याकडे भीक मागायची नाही मला."

आता त्या भांडी गोळा करून उठल्या. हात पुसले. मिस्त्रींच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि बोलायला तोंड उघडणार, इतक्यात फोन वाजला.

फोन होता मिस्त्रींच्या कोपरापाशी. तो वाजला, वाजत राहिला. मिस्त्री पाव खात होते. बाईंनी चरफडत पुढे होऊन फोन उचलला तेव्हा मिस्त्री दचकले आणि मग आपल्याला कुठे काय, असा चेहरा करून चहाकडे वळले.

डॉक्टरीणबाईंचा फोन होता. ठिगळ्या बरा आहे, जेवला, ताप नाही. पण एक तक्रार आहे, असं म्हणून त्या हसल्या. "अहो, हा स्वस्थ पडून राहतच नाही. आमच्याकडे बेल वाजली की उठतो आणि जो जवळ असेल त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवतो. फोन वाजला तरी तेच. काल भांड्यात सुया उकळत ठेवल्या होत्या, पाणी आटून तडतडायला लागलं, तर यानं माझा कोट दातात धरून मला शेगडीपर्यंत ओढत नेलं. पोटाला ताजे टाके असताना! फार सुंदर शिकवलंय हो त्याला. घरी कोणाला ऐकू येत नाही?"

"कोणाला म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"नाही, बहिऱ्या माणसांच्या घरी अशी कुत्री असतात ना, म्हणून विचारलं. तुमच्याकडे कोण आहे तसं?"

 फोन खाली ठेवला की हातातच राहिला, हेही बाईंना कळलं नाही. समोर मिस्त्रींची पाठ होती. ओळखीची, किंचित वाकलेली, सदऱ्याची शिवण एका खांद्यावर सरकलेली.

गुडघ्यावर पंजा. रोज बघितलं होतं त्यांनी. बेल वाजली की हा कुत्रा उठून मिस्त्रींच्या गुडघ्यावर पंजा ठेवणार, मग मिस्त्री उठणार. बाई म्हणायच्या, लाडावून ठेवलाय नुसता. दूध वर आलं की विजार ओढणार. त्या म्हणायच्या, मेल्याला साय हवी. त्यांनी हाक मारली की कुत्रा आधी त्यांच्याकडे बघणार, मग मिस्त्रींकडे, पुन्हा त्यांच्याकडे, आणि मग मिस्त्री म्हणणार, "काय गं?" बाईंना त्या बघण्याचाही राग यायचा. नवऱ्याशी बोलायचं तर कुत्र्यामार्फत!

मुलीचा फोन आला की "आईशी बोल" म्हणून तो बाईंच्या हातात देणं. घरातला रेडिओ बिघडला तो बिघडलाच, जगाच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याला हात लावावासा न वाटणं. टीव्हीवर बाई लावतील ते निमूट बघणं. दुकानात अलीकडे मशीनवर तळहात टेकवून डोळे मिटणं, ज्याला गिऱ्हाइकं कौतुकानं म्हणत, नाडी बघतायत.

छे. असं कसं होईल? एका घरात, एका पलंगावर झोपतो आम्ही. मला कळलं नसतं?

बाई खुर्चीच्या अगदी मागे जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मी मुलीकडे चाललेय. कायमची."

मिस्त्रींनी पावाचा दुसरा तुकडा घेतला.

"अहो!" आवाज जरा चढवून. "तुम्ही एक नंबरचे चेंगट आहात. घुम्मे आहात. तुमच्याबरोबर संसार केला म्हणून मला बक्षीस द्यायला हवं."

मिस्त्रींनी लोणी लावलं. कोपरे न सोडता.

मग बाईंनी जन्मात काढला नव्हता असा आवाज काढला. ग्रंथालयात ज्या आवाजासाठी त्यांनी मुलांना बाहेर काढलं असतं, तसा. "मी घर सोडून चाललेय! ऐकलंत का? घर सोडून!"

वर काकूंच्या घरात काहीतरी पडलं. मग खिडकीतून काकूंचा घाबरलेला आवाज आला, "अगं बाई, काय झालं हो? कुठे चाललात?" पलीकडच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालायचं थांबलं. अख्ख्या इमारतीला कळलं की बाई नवऱ्याला सोडून चालल्या. कळलं नाही ते फक्त एकाला, आणि तो पाव खात होता.

 टेबलाला धरून बाई वळसा घालून समोर आल्या आणि खुर्चीत बसल्या. मिस्त्रींनी वर बघितलं. बाईंचा चेहरा बघून त्यांचा घास तोंडातच राहिला.

"ठिगळ्या?" ते म्हणाले. "ठिगळ्याला काही झालं?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही."

मिस्त्रींची नजर त्यांच्या ओठांवर होती. आता बाईंच्या लक्षात आलं, ती नेहमीच ओठांवर असायची. आपल्या डोळ्याला डोळा भिडवायची लाज वाटते याला, असं त्या इतके दिवस समजत होत्या.

"येतं की," मिस्त्री म्हणाले. "कोण म्हणालं?"

बाईंनी टेबलावरचा कप उचलून तोंडापुढे धरला आणि त्याच्या आडून म्हणाल्या, "ठिगळ्या बरा आहे. जेवला." मग कप खाली ठेवला. "मी काय म्हणाले?"

मिस्त्री कपाकडे बघत राहिले. "चहा," ते म्हणाले. "चहा देऊ का म्हणालीस."

बाईंनी तोंडावर हात धरला. मिस्त्रींना कळलं. त्यांनी पाव बशीत ठेवला, बोटं पुसली, आणि मग ती बोटं कुठे ठेवावीत हे न सुचल्यासारखी मांडीवर एकमेकांत गुंतवली.

"हळूहळू गेलं," ते म्हणाले. "आधी बारीक आवाज गेले. सुईचा, घड्याळाचा. तुझाही त्यातच गेला, तू बोलतेसच हळू. मग बाकीचे गेले. लोक माझ्याकडे कानासाठी येतात गं. मिस्त्री बहिरा झाला असं एकदा पसरलं असतं की शटर ओढायची वेळ. म्हणून ठिगळ्याला शिकवलं. दुकानात, दार लावून. फार हुशार आहे, लगेच शिकला."

"मला का नाही सांगितलंत? मला!"

"सांगणारच होतो. रोज ठरवायचो. पण गेल्या वर्षी तू बोलायचीच बंद झालीस. मला वाटलं, तुला कळलंय. मी लपवलं म्हणून रागावलीस. मग माझी हिंमतच झाली नाही."

 वर्षभर हा माणूस बाईंचा अबोला असा अर्थ लावून सोसत होता, आणि त्या त्याचा असा. दोघं एकाच टेबलावर जेवत होते.

"मी त्यासाठी नाही गप्प झाले," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. आता पाठ करता येणार नव्हती. नळ सोडता येणार नव्हता. जे एकदा भिंतीला सांगितलं होतं ते आता त्या माणसाच्या तोंडाकडे बघून, एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून सांगायला हवं होतं. त्यांनी प्रयत्न केला आणि ओठ थरथरायला लागले. मिस्त्री पुढे झुकून बघत होते, त्यांना अर्थ लागत नव्हता.

मग बाईंनी त्यांचा हात ओढून घेतला. मशीनला टेकवायचे तोच तळहात, तेलानं रेषा काळ्या झालेला. तो त्यांनी आपल्या छातीवर ठेवला, जिथे गाठ लागली होती तिथे, आणि दाबून धरला.

"इथे," त्या म्हणाल्या. "गाठ होती. गेल्या वर्षी. तुम्हाला सांगितलं मी. इथेच उभं राहून. बशा विसळत होते. बरोबर चला म्हणाले. तुम्ही उठलात आणि ठिगळ्याला फिरवायला गेलात."

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. हात त्यांनी काढला नाही.

"आता?" एवढंच म्हणाले. "आता आहे?"

"नाही. साधी होती. संपलं ते."

"तू एकटी गेलीस?"

बाईंनी मान हलवली.  मिस्त्रींची नजर बाईंच्या ओठांवरून सुटून नळाकडे गेली, तिथून जमिनीवर, तिथून दाराकडे. काहीतरी जुळवत होते. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"मला ती संध्याकाळ आठवते," ते म्हणाले. "ठिगळ्या माझी विजार ओढत होता. कधी ओढत नाही इतकी. मला ओढायचा, मग पळत तुझ्या पायापाशी जायचा, परत येऊन मला ओढायचा. तू भांडी घासत होतीस, पाठमोरी. दूध नव्हतं शेगडीवर, काही नव्हतं. मला वाटलं याला बाहेर जायचंय. पट्टा घातला. दारात चारही पाय रोवून बसला तो, हलेना. मी फरफटत नेलं त्याला. रस्त्यात दोन रट्टे घातले. म्हटलं, एवढं शिकवलं आणि काय हा वेडेपणा."

ते थांबले. "तू बोलतेयस हे सांगत होता गं तो. आणि मी त्याला मारलं."

आणि मिस्त्री रडायला लागले. बाईंनी त्यांना मुलीला सासरी पोचवतानाही रडताना बघितलं नव्हतं. मोठ्या आवाजात रडत होते, आपला आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नव्हतं. वरच्या काकू खिडकीत अजून उभ्या असणार. असू देत. बाईंनी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ नेली. त्यांना स्वतःची चीड येत होती, नवऱ्याची दया येत होती, आणि त्या आखूड पायांच्या कुत्र्याची तर इतकी आठवण येत होती की आत्ताच उठून दवाखान्यात जावंसं वाटत होतं. सगळ्या घरात बोललेलं ऐकणारा तो एकटाच निघाला होता.

फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी मुलीचा असणार. सांगितलंस का बाबांना, काय म्हणाले, हे विचारायला तिनं सकाळपासून धीर धरला होता.

बाईंनी फोन लगेच उचलला नाही. त्यांनी आपला हात मिस्त्रींच्या गुडघ्यावर ठेवला.

मिस्त्रींनी दचकून खाली बघितलं, मग बाईंकडे. डोळे पुसत म्हणाले, "फोन?"

बाईंनी मान हलवली आणि फोन कानाला लावला. सवयीनं भिंतीकडे वळायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या आणि मिस्त्रींकडे तोंड करून बसल्या. "हं, बोल," त्या म्हणाल्या. "नाही गं. ऐक आधी. मी येत नाहीये. भरलेली बॅग परत रिकामी करते."

मिस्त्री त्यांच्या ओठांकडे एकटक बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कुठे?" त्यांनी घाबरून विचारलं. "तू कुठे चालली होतीस?"